उपवास ठेवावा

"उपवास ठेवतात हिंदीत," आप्पा म्हणाले. "मराठी माणूस उपवास करतो, धरतो, सोडतो, फार तर मोडतो. ठेवायला तो काय लोणच्याची बरणी आहे?"

आणि त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. माझ्या मांडीवर रेवा, तिच्या तोंडात नाचणीची पेज, तिची मूठ माझ्या केसांत. तरी वाचलं. ‘आदरणीय ज्येष्ठ नागरिक, अंतर्यामी तपासणीपूर्वी बारा तास उपवास ठेवावा. आपले जठर आपले आभारी राहील.’

"उपाशी पोटी या, असं म्हणायचंय त्यांना," मी म्हटलं.

"म्हणायचंय ना? मग म्हणावं. लिहायचा पगार घेतात ना?"

आप्पा माझे सासरे. सांगलीच्या एका छापखान्यात त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासली, आणि निवृत्तीनंतर सगळं जगच त्यांना न तपासलेलं मुद्रित वाटायला लागलं. लग्नपत्रिका, औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, शेजाऱ्यांच्या नातवंडांची नावं, कशालाच सुटका नाही. तुच्छता हा आमच्या घरचा कुळाचार आहे. नवी नवी आले तेव्हा मला तो जमत नसे, आता बऱ्यापैकी जमतो. फक्त रेवापुढे आप्पांची लेखणी बोथट होते. ती देवाला ‘आप्पा’ म्हणते आणि आप्पांना ‘पप्पू’, आणि हा माणूस दोन्ही चुका तशाच छापायला सोडतो.

अंतर्यामी हे देवाचं नाही, गोळीचं नाव. ती गोळी का काढली हे कळायला आधी स्वादुपिंड कळायला हवं. हे इंद्रिय मोठं लपून राहणारं. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला टेकून पडलेलं. पोटावर बाहेरून सोनोग्राफी केली तर मधल्या आतड्यांतली हवा ध्वनी गिळून टाकते आणि मागचं धड दिसत नाही. म्हणून डॉक्टरांनी पूर्वी एक युक्ती काढली होती. सोनोग्राफीचा स्फटिक लांब नळीच्या टोकाला बसवायचा आणि नळी तोंडातून थेट जठरात उतरवायची. तिथून स्वादुपिंड बोटभर अंतरावर. पडद्यावर संशयाची जागा दिसली, की त्याच नळीतून केसासारखी सुई जठराच्या भिंतीपलीकडे घालायची, चार पेशी ओढून आणायच्या, काचेवर पसरायच्या, आणि माझ्यासारखीनं त्या सूक्ष्मदर्शकाखाली वाचायच्या. मी विकृतीशास्त्रात एम.डी. केलंय. लग्न ठरताना आप्पांनी विचारलं होतं, "विकृती ही पदवी की स्वभाव?"

हे सगळं अंतर्यामीच्या कंपनीनं एका गोळीत कोंबलं. रुग्णानं गोळी गिळायची, वर लिटरभर पाणी प्यायचं आणि चुंबकाच्या खाटेवर पडायचं. चुंबक गोळीला जठरात फिरवतो, गोळी ध्वनीनं चित्रं काढते, हवी तिथं सुई टोचते, आलेल्या पेशींचे फोटो पोटातच काढते आणि निदान स्वतःच करते. नळी नको, डॉक्टर नको. जठर बघायला कॅमेरासुद्धा नको, कारण उपाशी पोटात बघण्यासारखं असतं काय? साठी उलटलेल्या प्रत्येकानं दर वर्षी ती गिळायची, नाहीतर आरोग्य योजनेतून नाव कमी.

आणि मी? कायद्यानं प्रत्येक अहवालाखाली एका माणसाची संमती लागते, तो माणूस मी. दुपारी रेवा झोपली की मी संगणक उघडते. अहवाल येतात, खाली दोन बटणं असतात. ‘सहमत’ हिरवंगार, तळव्याएवढं. ‘असहमत’ राखाडी, मुंगीएवढं, आणि ते दाबलं की कंपनीचा माणूस फोन करून विचारतो, काही अडचण आहे का मॅम. डॉक्टरकी शिकून मी कंपनीचा अंगठा झाले होते. सुशिक्षित अंगठा, एवढाच फरक.

तपासणी बुधवारी होती. त्या सकाळी मी रेवाला लस टोचून आणायला गेले होते. शार्दूलनं, माझ्या नवऱ्यानं, आप्पांना केंद्रावर नेलं. तिथं भिंतीतल्या आवाजानं विचारलं, "आपण उपवास ठेवलात का?" आप्पा म्हणाले, "केला." शार्दूलनं विचारलं, "केलात ना आप्पा?" आप्पा म्हणाले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का?" घरी आल्यावर मीही विचारलं. मलाही तेच उत्तर मिळालं, आणि मला ते पुरलं.

अहवाल आधी शार्दूलच्या फोनवर आला. मी रेवाचे लंगोट वाळत घालत होते. तो गॅलरीत आला आणि फोन माझ्या हातात देऊन भिंतीला टेकून उभा राहिला.

‘जठराच्या भिंतीवर अनेक गोलाकार गाठी. पेशींचा प्रकार : दुर्मीळ. सल्ला : संपूर्ण जठर काढणे. शस्त्रक्रियेसाठी आपला सोमवार राखून ठेवला आहे.’

"सोमवार," शार्दूल म्हणाला. "ऋजू, यांनी वारसुद्धा ठरवलाय." आणि तो रडायला लागला.

आप्पांनी अहवाल मागून घेतला. चष्मा पुसला. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला आणि परत पहिल्या ओळीवर गेले. आम्ही वाट बघत होतो, की आता काहीतरी निघेल, जठराच्या ठ ला, दुर्मीळच्या वेलांटीला काहीतरी बोलतील.

"शुद्धलेखन बरोबर आहे," ते म्हणाले, आणि फोन परत दिला.

तेव्हा मला भीती वाटली. ज्या माणसानं कुणाच्या बापाचं ऐकलं नाही, त्यानं गोळीचं ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी रेवाला मांडीवर घेऊन तिच्या पावलांना तेल लावलं, नेहमीसारखंच, फक्त नेहमीपेक्षा फार वेळ.

दुसऱ्या दिवशी रेवा झोपल्याबरोबर मी माझ्या खात्यातून त्यांचा अहवाल उघडला. खाली संमती पडलेली होती. दुसऱ्या कुठल्या गावात माझ्यासारख्याच कुणीतरी ते हिरवं बटण दाबून टाकलं होतं. तिचंही बाळ नुकतंच झोपलं असेल.

मी निदान वाचलं नाही. सरळ पेशींचे फोटो उघडले आणि पहिल्याच फोटोला थांबले. माणसाच्या पेशीला भिंत नसते, नुसतं पातळ आवरण असतं, सायीसारखं. या पेशींना भिंती होत्या. जाड, कोपरे असलेल्या, एकीला एक लागून बांधलेल्या. अशा भिंती झाडाला असतात. शेजारी पारदर्शक गोल कण पसरले होते. गोळी प्रत्येक फोटो एकदा साध्या आणि एकदा ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड प्रकाशात काढते, पण दुसरा फोटो कुणी मागितल्याशिवाय दाखवत नाही, आणि मागतं कोण? मी मागितला. काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक कण चमकला आणि प्रत्येकाच्या छातीवर पांढरी फुली उमटली. ही फुली पिष्टाची सही. तांदूळ, बटाटा, साबू. एम.डी.च्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

मी बाहेर आले. आप्पा खिडकीशी नुसते बसले होते.

"आप्पा, बुधवारी सकाळी काय खाल्लंत?"

"काही नाही. उपवास होता."

"बुधवारी कसला उपवास?"

"कंपनीचा."

"आणि उपवासाला काय केलंत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी ‘आणि’ चा ण विचारला होता. "साबुदाण्याची खिचडी. उपवासाला काय करतात? लेखी हुकूम होता, अक्षरशः पाळला. त्यांना उपाशी हवं असेल तर उपाशी लिहावं." मग हळूच, "गिच्च झाली होती. पाणी जास्त पडलं. तू नव्हतीस घरी."

गिच्च झाली म्हणूनच तर. मोकळी, दाणा दाणा सुटा असलेली खिचडी लिटरभर पाण्यात वाहून गेली असती. हा चिकट गोळा जठराच्या भिंतीला बसला, त्यातले साबुदाणे ध्वनीला गोल गोल गाठींसारखे दिसले, आणि सुई दाण्याच्या कुटातून जाऊन आली. गोळीला शिकवलं होतं परदेशातल्या पोटांवर. तिथल्या कुठल्याही पोटात एकादशी नव्हती.

शार्दूलला सांगितलं तेव्हा तो जमिनीवर बसून हसला, हसता हसता परत रडला. आप्पा हसले नाहीत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तुच्छता हळूहळू परत येताना दिसली, मुंग्या आलेल्या पायात रक्त यावं तशी.

"म्हणजे माझी खिचडी कापणार होते सोमवारी," ते म्हणाले. "भूल देऊन."

मी राखाडी बटण दाबलं. कंपनीच्या गुणवत्ता विभागातून देवव्रत नावाच्या गृहस्थांचा फोन आला. आवाज मधाळ, मागे मंद सतार.

"मॅम, साबुदाणा आमच्या वर्गवारीत नाही."

"मग वर्गवारीत काय आहे?"

"तीन कप्पे आहेत. निर्दोष, दोषी आणि दुर्मीळ. सिस्टिमनं दुर्मीळ म्हटलं. म्हणजे तसं बघितलं तर चूक नाही झाली."

"तुम्ही एका माणसाचं जठर काढणार होतात."

"आम्ही नाही मॅम. आम्ही फक्त सल्ला देतो."

"निदान मराठी मजकूर तरी बदला. उपवासाच्या जागी उपाशी पोटी."

"तो मजकूर भाषा समितीनं मंजूर केलाय, मॅम. उपाशी हा शब्द त्यांना नकारात्मक वाटला."

पण कंपनीनं दुरुस्ती केली, हे सांगायला हवं. शनिवारी देवव्रतांचा आनंदानं फोन आला. "झालं मॅम. आता सिस्टिम जठरातल्या लहान गोल आकृती बघतच नाही. आणि एखाद्या भागाचं चित्र नीट आलं नाही, तर तो भाग निर्दोष धरते. उगाच कुणाला भीती नको."

"कुणाच्या जठरातल्या?"

"महाराष्ट्रातल्या सगळ्यांच्या. गुजरातलाही लावलंय, तिकडेही साबुदाणा चालतो. हे सगळं तुमच्यामुळे मॅम."

म्हणजे ज्यांना खरोखरच्या गाठी असतील, त्यांनाही आता पत्ता लागणार नव्हता. दुखतंय म्हणून सांगावं तर यांनी ऐकणाऱ्याचा कानच कापला होता. त्या दिवसापासून आलेला प्रत्येक अहवाल मी असहमत करून परत पाठवायला लागले, आणि चौथ्या दिवशी माझं खातं बंद झालं. कारण दिलं होतं, ‘सकारात्मकतेचा अभाव.’ आप्पांनी ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "पहिल्यांदाच काहीतरी अचूक लिहिलंय."

त्यांचा स्वभाव पूर्ववत झाला होता, कारण जुन्याच चित्रांवरून त्यांना नवा अहवाल आला होता. ‘निर्दोष. अभिनंदन!’ ते तो गल्लीभर दाखवत होते. सुधारित आवृत्ती, म्हणायचे.

खातं बंद होण्याआधी त्यांची सगळी चित्रं मी उतरवून घेतली होती. ती बघत बसायचं काही कारण नव्हतं. पण मला दुपारची सवय, आणि रेवा झोपलेली. बघता बघता मी एका काळ्या पट्ट्यापाशी अडले. ध्वनीचं उजेडासारखंच असतं, वाटेत खांब आला की मागे सावली. खिचडीच्या गोळ्यात अडकलेल्या हवेनं ध्वनी अडवला होता आणि त्याच्यामागे काळोख पडला होता. त्या काळोखात आप्पांच्या स्वादुपिंडाचं शेपूट, म्हणजे त्याचं निमुळतं टोक होतं. पहिल्या अहवालानं तिकडे बघितलं नाही, कारण पुढे गाठी सापडल्या होत्या. दुसऱ्यानं ते निर्दोष धरलं, कारण ते दिसलंच नव्हतं. आणि सावलीच्या अगदी काठावर, जिथं उजेड संपत होता, तिथं स्वादुपिंडाची कड किंचित फुगलेली होती. कदाचित काही नसेल. कदाचित असेल.

जेवताना मी विषय काढला.

"परत तपासायला हवं. साध्या नळीनं. मिरजेला डॉक्टर सोहनीबाई अजून हातानं करतात."

शार्दूलनं घास खाली ठेवला. "ऋजू, पुरे ना आता. निर्दोष आलाय."

"आठवड्यापूर्वी ‘जठर काढा’ असा आला होता."

"ती चूक होती. तूच काढलीस. आता सुधारलंय."

शार्दूलचा यंत्रांवर विश्वास आहे तो असा. एकदा फसलेल्या यंत्रावर जास्तच, कारण त्याला आता अनुभव आलेला असतो.

"सूनबाईंची नोकरी गेली," आप्पा ताटातून मान वर न करता म्हणाले, "म्हणून घरचं गिऱ्हाईक धरलंय."

"आप्पा, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही. एकदा गोळी गिळली, एक रात्र मेल्यासारखा जगलो, आता बरा झालो. नळी नाही, गोळी नाही. उद्या सांगाल कानातून काठी घाला."

मला राग आला. मग राग गिळला, कारण रेवा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी चित्र त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं आणि काळ्या पट्ट्यावर बोट ठेवलं.

"छापखान्यात एखाद्या पानाच्या खालच्या चार ओळींवर शाई सांडलेली असली, तर ‘चूक नाही’ म्हणून सही करून सोडायचात का?"

"सही कशी करणार? वाचलंच नाही तर?"

"आणि दुसऱ्यानं केली तर?"

"गाढव म्हणेन. कुणाचं पान आहे?"

"तुमचं."

त्यांनी चष्मा लावला आणि चित्राकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना त्यात काहीही कळत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण न वाचलेली जागा कशी दिसते, ते त्यांना कळत होतं.

"आमटी वाढ," ते म्हणाले. "आणि त्या बाईंना विचार, कधी येऊ."

डॉक्टर सोहनींची खोली अरुंद होती, आणि त्यांच्याकडची नळी त्या भागात उरलेली शेवटची. बाकीच्या नळ्या कंपनीनं भंगारात विकत घेतल्या होत्या.

"गोळीवाल्यांनी पाठवलं की पळून आलात?" त्यांनी आप्पांना विचारलं.

"हाकललेले आहोत," आप्पा म्हणाले. "ही नोकरीतून, मी मरणातून."

"मग आ करा."

त्यांनी घशात बधिर करायचा फवारा मारला, गुंगीचं हलकं औषध दिलं, पण आप्पा जागे होते. कुशीवर, तोंडात नळीसाठीचं कडं, डोळे माझ्यावर. ज्याला बोलल्याशिवाय राहवत नाही असा माणूस पूर्ण गप्प होता, आणि ते मला बघवत नव्हतं. मी कोपऱ्यात सूक्ष्मदर्शकाशी बसले. ही जुनी पद्धत. सुई आत असतानाच पेशी वाचायच्या, म्हणजे कमी पडल्या तर परत टोचता येतं. रुग्ण जागा असताना वाचणाऱ्यानं फक्त एवढंच सांगायचं, नमुना पुरेसा आहे की नाही. बाकी काही नाही.

पडद्यावर सोहनीबाईंनी शेपूट शोधलं. या वेळी पोट रिकामं होतं, सावली कुठेच नव्हती. आणि तिथं एक छोटा, गोल, करडा ठिपका होता, अगदी कडेला, लपायला जावं तसा.

"हं," बाई म्हणाल्या, आणि सुई पुढे सरकवली.

पहिल्या वेळी नुसतं रक्त आलं. मी मान हलवली. दुसऱ्या वेळी काच रंगवून भिंगाखाली सरकवली तेव्हा माझं दूध वाहायला लागलं होतं. सकाळपासून रेवा जवळ नव्हती आणि अंगाला घड्याळ बरोबर कळतं. कुर्ता ओला होत होता, मी ओढणी पुढे ओढली आणि वाचत राहिले. पेशी सुट्या सुट्या, एका मापाच्या, केंद्रकं एका बाजूला सरकलेली, त्यांच्यात बारीक ठिपके. आमच्यात त्याला मीठ-मिरी म्हणतात. मी तीनदा बघितलं. मला ते दुसरं काहीतरी असायला हवं होतं.

"पुरेसं आहे का?" बाईंनी विचारलं.

"पुरेसं आहे," मी म्हटलं.

नंतर बाहेरच्या बाकावर आप्पा माझ्याशेजारी बसले. घसा अजून बधिर होता, जीभ जड होती.

"पुरेसं आहे म्हणालीस."

"हो. नमुना पुरेसा होता."

"चांगलं असतं, तर तुझा आवाज तिथंच फुटला असता. रेवाचा दात दिसला त्या दिवशी फुटला होता तसा."

मी त्यांच्याकडे बघितलं नाही. "गाठ आहे. लहान आहे, दीड सेंटिमीटर. पेशी तापट जातीच्या नाहीत, संथ वाढणाऱ्या आहेत. तेवढं शेपूट कापून काढलं तर बहुधा संपेल."

"बहुधा."

"नक्की म्हणता येणार नाही."

"म्हणू नकोस. नक्की म्हणणारे पुष्कळ आहेत, त्यांचं दुकान जोरात चाललंय. नाही काढलं तर?"

"दोन-तीन वर्षं काहीच कळणार नाही. मग कळेल, तेव्हा उसीर झालेला असेल." माझाच उच्चार घसरला. घसा माझा बधिर नव्हता.

त्यांना ते ऐकू आलं. रेवाच्या चुका सोडल्या तर आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही सोडून दिलं असेल. समोरून एक बाई व्हीलचेअर ढकलत गेली, ते तिची चाकं वळेपर्यंत बघत राहिले.

"सस्त्रक्रिया करू," ते म्हणाले. जड जिभेला श जमला नाही. त्यांनी परत प्रयत्न केला, परत स आला. त्यांनी तो तसाच राहू दिला.

"करू," मी म्हटलं.

मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून उठले. ओढणीकडे त्यांची नजर गेली आणि लगेच दुसरीकडे वळली. "चल लवकर," ते म्हणाले. "तुझा नवरा रेवाला बिस्किटं चारत बसला असेल. मूर्ख आहे."